सहलीचा बंदोबस्त

वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला म्हणजे चिखलदऱ्याचा बेत करावा, हा वऱ्हाडातील सुखवस्तू कुटुंबांचा जुना शिरस्ता, परंतु मिक्सर सुरू होताच कान झाकून घेणारे, सदऱ्याच्या शिवणीने बेजार होणारे, किंवा उलटपक्षी कितीही गिरक्या घेतल्या तरी ज्याची तृप्ती होत नाही असे मूल ज्या घरात असते, तेथे हा शिरस्ता लवकरच मोडतो, आणि जठारपेठेतील माझ्या उपचारकक्षात एखादी माता संकोचाने विचारते, “मॅडम, याले कुठी नेता येते का जी?”

नेता येते, मात्र आधी स्थळ ठरवायचे आणि मुलाचा विचार मागाहून करायचा, हा आपला नित्याचा क्रम उलटावा लागतो. ए. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट विदुषीने १९७२ साली ग्रंथरूपाने संवेदनांच्या एकात्मीकरणाची जी उपपत्ती मांडली, तिच्यात त्वचेच्या स्पर्शाबरोबरच अंतर्कर्णातील तोलाच्या आणि स्नायू-सांध्यांतील संवेदनेलाही प्रधान स्थान आहे; आणि परतवाडा सोडून चिखलदऱ्याच्या घाटाची वळणे सुरू झाली की ज्याला तोलातले फेरबदल सोसत नाहीत, त्या मुलाची सहल तेथील भीमकुंड दृष्टीस पडण्यापूर्वीच संपुष्टात येते. यास्तव घाटापूर्वी परतवाड्यास थांबावे, भरलेली पिशवी त्याला थोडा वेळ वाहू द्यावी (सांध्यांवरील असा भार पुष्कळ मुलांना स्थिरावतो, सर्वांना नव्हे), आणि वाटेत विश्रांतीची तजवीज ठेवूनच वर चढावे.

पहिली सहल म्हणून मात्र मी शेगावच सुचविते. अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आतले हे गाव. बेत फसलाच तर जेवणवेळेस घरी परतता येते. गजानन महाराज संस्थानाची शिस्त, स्वच्छता आणि सेवेकऱ्यांचे मृदू वर्तन या मुलांना फार मानवते. तरी गुरुवार, एकादशी, प्रकटदिन आणि ऋषिपंचमी हे गर्दीचे दिवस कटाक्षाने टाळावेत, आरतीची वेळ चुकवावी आणि मुखदर्शनावर समाधान मानावे. यावर आजीची हरकत ठरलेली असते, आणि अनुभवाअंती माझे मत असे झाले आहे की घंटानादापेक्षा आप्तांचा आग्रहच या मुलांना अधिक क्लेशकारक होतो. अनवाणी चालण्याचा सराव घरच्या अंगणात आधीच करवावा. एखाद्या संध्याकाळी अकोला स्थानकावर, गाडीत न बसता, केवळ उद्घोषणा ऐकवून परतावे. आणि स्थानक, गाडी, मंदिर, भोजन व घर यांची छायाचित्रे अनुक्रमाने दाखवावीत, कारण पुढे काय घडणार हे ठाऊक असलेले मूल पुष्कळ सोसते.

भावंडांची कुचंबणाही दुर्लक्षिण्याजोगी नव्हे. चिखलदऱ्यास गेल्यावर गाविलगड पाहायचा असेल, तर एका पालकाने भावंडास घेऊन किल्ल्यावर जावे, दुसऱ्याने या मुलाजवळ खोलीत थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. सर्वांचे एकत्रित छायाचित्र जेवणाच्या मेजावरही काढता येते.