ताटाला कल्ले नसतात

पाचूबंदरला मासळी घ्यायला गेलं की आई आधी भाव विचारत नसे. ती वाकायची, माशाचा कल्ला अंगठ्याने वर करायची आणि आतला रंग बघायची. लालभडक दिसला तर पुढचं बोलणं. विटकरी दिसला तर मासा अलगद परत टोपलीत. विकणाऱ्या मावशीला त्यात अपमान वाटत नसे. उलट तीच दुसरा मासा उचलून, कल्ला उघडून आईसमोर धरायची. पापलेटाच्या पोटावर बोट दाबायचं, खळगा तसाच राहिला तर मासा जुना. डोळा वर आलेला हवा, आत बसलेला नको. हे सगळं मी शाळेत जायच्या आधी शिकले.

वसई किल्ल्याच्या तटाजवळ, खाडीच्या तोंडाशी हे गाव आहे. बांबूंच्या वलांडींवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील उन्हात सुकत असतात आणि त्यांचा वास गाव दिसायच्या आधी भेटतो. बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त. तो ताजा असताना नाहीतर सुकवूनच खायचा, मध्ये रेंगाळू द्यायचा नाही. वेळ हा माशाचा शत्रू आहे, हे इथल्या लहान पोरालाही कळतं.

एकदा उशीर झाला होता. बाजार उठत आला होता. मावशीच्या टोपलीत थोडे बांगडे उरले होते. आईने हात पुढे केला तसं तीच म्हणाली, "ताई, हे कालचे हायत. बर्फातले. तळायला नेऊ नको. कालवणाला चालतील, आंबट जरा जास्त घाल." भाव अर्ध्यावर आला. आईने घेतले. रात्री जेवताना आईनेही आम्हाला सांगितलं, "बांगडे कालचे आहेत हं." कुणीही ताट सरकवलं नाही.

हा प्रसंग मी विसरून गेले होते. गेल्या हिवाळ्यात तो पुन्हा आठवला.

आई आता थकली आहे. तिला डॉक्टरांकडे दाखवून परत येताना वाटेत एका हॉटेलात जेवायला थांबलो. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जेवून उठत होतं. त्यांच्यातला एक लहान मुलगा बराच वेळ लिंबाच्या फोडीशी खेळत होता. दात कोरायच्या काडीने त्याने तिच्या सालीत ओळीने तीन भोकं पाडली होती आणि प्रत्येक भोकातून रस निघतो का ते बघत होता. ते गेले. टेबल पुसणारा पोरगा आला. ताटं एका बादलीत गेली. कांद्या-लिंबाची ताटली मात्र त्याने वेगळी उचलली, चटणीची वाटीही. पाच-सात मिनिटांनी आमच्या टेबलावर कांद्या-लिंबाची ताटली आली. त्यातल्या एका फोडीच्या सालीत ओळीने तीन भोकं होती.

मी ती फोड आईला दाखवली नाही. उठून गल्ल्यावर गेले आणि मालकासमोर ठेवली. तो रागावला नाही, घाबरलाही नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तोंड कुठं लावलंय कुणी? ताटलीला हात पण नव्हता लावला. कांद्याचा भाव बघा ना. एवढं सगळं फेकायचं का?"

आम्ही न जेवता निघालो. पण त्याचं वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. ते खोडून काढणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. अन्न फेकू नये हे मलाही शिकवलंय. मग चुकलं काय?

मराठीत या बाबतीत शब्दांची उणीव नाही. तोंड लागलेलं ते उष्टं. जेवल्यावर ताटाला, हाताला, भांड्याला चिकटून राहतं ते खरकटं. रात्र उलटली की शिळं. आणि पातेल्यातच राहिलं, कुणाच्या पानात गेलंच नाही, ते उरलेलं. चार शब्द, चार वेगळ्या अवस्था. आपल्या आज्या या चौघांना कधी एका भांड्यात ठेवत नसत. पानात वाढलेलं अन्न पातेल्यात परत जात नाही, हा नियम त्यांना कुठल्या पुस्तकात वाचावा लागला नाही. सोवळ्याओवळ्याने माणसामाणसांत भिंती घातल्या आणि त्या पाडायलाच हव्या होत्या. पण पान आणि पातेलं यांच्यातली ती सीमारेषा शहाणपणाची होती. मालक म्हणत होता की ती ताटली "उरलेली" आहे. माझ्या लेखी ती टेबलावर आली तेव्हाच पातेल्यातून पानात गेली होती. तिच्यावर कोण बोललं, कोण शिंकलं, कुणाची बोटं फिरली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

आणि तरीही उष्टं हा आपल्याकडे नुसता घाणेरडा शब्द नाही. बाळाला पहिला भात भरवायच्या संस्काराला आपण उष्टावण म्हणतो. शबरीची बोरं उष्टी म्हणूनच गोड, असं लोक मानत आले. गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात. पाचूबंदरात ख्रिस्ती कोळ्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या धर्मकथेतल्या शेवटच्या भोजनात सगळे एकाच ताटाशी बसलेले असतात, आणि ज्याने त्याच ताटात हात बुडवला त्यानेच दगा दिला, म्हणून ती कथा इतकी बोचते. एका ताटात हात घालणं म्हणजे विश्वास. लेकराच्या ताटातला शेवटचा घास आई खाते तेव्हा तिला ठाऊक असतं की तो कुणाचा आहे. उष्ट्याला तिथे नाव असतं, नातं असतं, संमती असते. हॉटेलच्या टेबलावर यातलं काहीच नसतं. तिथे मला अनोळखी माणसाचं उष्टं दिलं जातं, आणि ते उष्टं आहे हे माझ्यापासून लपवलं जातं.

शरीराचा हिशेबही असाच लपलेला असतो. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेवावं किंवा पाच अंशांच्या खाली थंड. मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. टेबलावर तासभर पडलेली ओली चटणी नेमकी त्या पट्ट्यात असते. पुन्हा एक उकळी काढली की सगळं ठीक होतं, हा समज घराघरांत आहे. पण नाकातून आणि हाताच्या जखमांतून अन्नात उतरणारा स्टॅफिलोकॉकस वाढताना जे विष सोडतो ते उकळीनेही जात नाही. भात उघड्यावर राहिला तर त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसच्या ओकारी आणणाऱ्या विषाचंही तेच. बांगडा नीट थंड ठेवला नाही तर त्यात हिस्टामाइन तयार होतं. मग कितीही मसाला घाला, कितीही तळा, ते तिथेच राहतं. मावशीने कालचे बांगडे बर्फात ठेवले होते आणि कालचे म्हणून सांगितले होते. त्या दोन गोष्टींत बरंचसं अन्नशास्त्र येऊन जातं.

ही लबाडी गरीब टपऱ्यांवरच चालते असं मानायचं कारण नाही. जपानमध्ये ओसाका शहरात सेनबा किच्चो नावाचं अतिशय महागडं, नामांकित भोजनगृह होतं. गिऱ्हाइकांनी न खाल्लेले पदार्थ पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकांना वाढले जात, हे २००८ मध्ये उघड झालं आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचे दरवाजे कायमचे बंद झाले. कोरियात जेवणाबरोबर लहान लहान वाट्यांतून बानचान येतं, आपल्या चटणी-कोशिंबिरीसारखं. ते मोफत असतं, भरपूर असतं आणि बरंचसं उरतं. तिथेही ते पुन्हा वाढलं जायचं. शेवटी २००९ मध्ये दक्षिण कोरियाने उरलेलं बानचान पुन्हा वाढणाऱ्यांवर कारवाईची तरतूद केली. म्हणजे आमच्या मालकाचा युक्तिवाद जगभर चालत आला आहे, आणि जगाने तो ऐकून घेऊन नाकारलाही आहे.

आपल्याकडे २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आहे. २०११ च्या ऑगस्टपासून तो अमलात आला. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार करणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात ही जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो क्रमांक पाहायची सवय आपण लावून घ्यायला हवी, आणि शंका आली तर तक्रार करायचीही. पण तपासणी करणारा अधिकारी वर्षातून किती वेळा त्या दारात उभा राहणार? आणि तो उभा असताना कांद्याची ताटली डब्यात परत जाईल का?

म्हणून मला गुजरातने २०१९ मध्ये केलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथल्या प्रशासनाने हॉटेलांना स्वयंपाकघराच्या दारावरच्या प्रवेशबंदीच्या पाट्या काढायला सांगितल्या. गिऱ्हाईक आत डोकावू शकतं, एवढं कळलं की आतले हात बदलतात. मासळीबाजारात कल्ला उघडून दाखवायची रीत आहे, तशीच ही. ताटाला कल्ले नसतात. शिजलेल्या, सजवलेल्या अन्नाकडे बघून त्याचा कालचा दिवस वाचता येत नाही. म्हणून ज्याच्या हातात ते ताट असतं, त्याच्यावर सांगायची जबाबदारी दुप्पट येते.

या सगळ्यात तो टेबल पुसणारा पोरगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चार बोटं चार पेल्यांत बुडवून पाणी आणायला त्याला कुणी हौसेने शिकवलेलं नसतं. त्याला ट्रे दिलेला नसतो. हात धुवायला साबण कुठे आहे, हे त्याला दाखवलेलं नसतं. ताटली वेगळी काढ, असं मात्र नक्की सांगितलेलं असतं. तो स्वतः रात्री काय जेवतो? आदल्या टेबलांवरचं उरलंसुरलं त्याच्या पुढ्यात येत असेल, तर ते दुसऱ्याला देण्यात त्याला वावगं का वाटावं? उष्टं खायला लावणं हे आपल्या समाजात कित्येक पिढ्या माणसाला त्याची पायरी दाखवायचं साधन होतं. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना उष्टे-माष्टे तुकडे नाकारायला सांगितलं, ते नुसत्या स्वच्छतेसाठी नव्हतं. माणूस म्हणून आपली किंमत काय, याचं उत्तर ताटात काय पडतं यावरून ठरतं, हे त्यांना लख्ख दिसलं होतं. महाडला ज्यांनी ते तुकडे नाकारले, त्यांना ते उष्टे आहेत हे माहीत होतं. म्हणून नाकारता तरी आले. आम्हाला ते न सांगता वाढलं होतं. नाकारायची संधीच काढून घेतली होती.

उरतो मालकाचा शेवटचा प्रश्न. एवढं सगळं फेकायचं का? त्याला उत्तर द्यायला हवं, कारण नासाडी खरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं २९ कोटी टन उपाहारगृहं, खानावळी यांसारख्या ठिकाणचं होतं. पण नासाडी थांबवायची जागा पातेल्यापाशी आहे. मागितल्याशिवाय कांदा-लिंबू ठेवू नये. लहान वाटी द्यावी, संपली तर पुन्हा द्यावी. पातेल्यातलं उरलेलं, न वाढलेलं सुरक्षित अन्न गरजूंपर्यंत पोचवण्यासाठी आपल्याकडे २०१९ मध्ये नियमावलीही झाली आहे. मुंबईच्या डबेवाल्यांनी तर २०१५ मध्येच रोटी बँक सुरू केली होती. उरलेल्याला उरलेलं म्हणून मान देता येतो. त्यासाठी त्याला ताज्याचं सोंग घ्यायला लावायची गरज नाही.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली होती. हॉटेलातून उठताना उरलेल्या कांद्यावर मी पेल्यातलं पाणी ओतून ठेवायचे, म्हणजे तो कुणाच्या पुढ्यात जाणार नाही. पुढच्या माणसाचं भलं केल्यासारखं वाटायचं. पण प्रत्येक वेळी मनात काहीतरी ओशाळायचं. अन्नावर पाणी ओतताना माझा हात आईच्या हातासारखा राहत नसे. मग ते सोडलं. आता बसतानाच सांगते, "कांदा एकच आणा, दोघींत पुरेल. उरलं तर आम्ही बांधून नेऊ." कुठे कपाळाला आठ्या पडतात, कुठे हसून मान डोलावली जाते.

परवा पुन्हा पाचूबंदरला गेले होते. आई आता येत नाही, तिच्यासाठी मांदेली घ्यायची होती. टोपलीमागे आता त्या मावशीची सून बसते. मी न सांगता तिने एक मोठा मासा उचलून कल्ला वर केला आणि मला दाखवला. आत लाल. मी नुसती मान हलवली आणि मांदेली मागितली.

घरी आल्यावर मांदेलीचं कालवण केलं. दोघींपुरतं होऊन थोडं उरलं. कोळ्यांच्या घरी म्हणतात, मुरलेलं कालवण दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकरीबरोबर जास्त चवदार लागतं, आणि ते खरंच आहे. सकाळी ते चांगलं उकळून आईच्या ताटात वाढलं. तिने घास तोंडाशी नेण्याआधी माझ्याकडे पाहिलं. तिला आता नीट दिसत नाही.

"कालचं आहे हं," मी म्हणाले.

"बरं," म्हणाली, आणि जेवू लागली.