कोकणात जाऊन रडा!

सिनेमातल्या शहरी माणसाला काही झालं, की त्याला गावी पाठवतात. डॉक्टर नंतर. आधी एसटी, ट्रेन नाहीतर भाड्याची गाडी, मग खिडकीतून हिरवं हिरवं, मग समुद्र आणि मग डोळ्यांत पाणी. हे माझं गेल्या महिन्याभरातलं संशोधन! फ्रीलान्सिंगचा एक फायदा असतो, भर दुपारी सिनेमा बघितला तरी बॉस ओरडत नाही. (कारण बॉसच नसतो. पगारही नसतो, पण तो विषय वेगळा.) तर महिन्याभरात चार सिनेमे झाले. काही पहिल्यांदा, काही पुन्हा. मी समीक्षक नाही, त्यामुळे स्टार-बिर देणार नाही. जे वाटलं ते सांगते.

पहिला ‘थ्री ऑफ अस’. अविनाश अरुणचा, 2023 च्या नोव्हेंबरमध्ये थिएटरला लागलेला. शेफाली शाहची शैलजा मुंबईत राहते आणि तिची स्मृती हळूहळू पुसली जातेय. सगळं विसरायच्या आत ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते. लहानपणीची शाळा, जुनं घर, आणि हो, जुना मित्र. तो जयदीप अहलावत, बँकेत नोकरी करणारा, कविता करणारा. आपल्याला वाटतं, आता भडका उडणार. काही उडत नाही. त्याची बायको चिडत नाही, हिचा नवरा तमाशा करत नाही, सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. मला खूप आवडला. पण बघताना एक खडूस प्रश्न मनात आलाच : सगळीच माणसं इतकी समजूतदार कशी? वेंगुर्ल्याच्या पाण्यात काही आहे का?

मग त्याच दिग्दर्शकाचा ‘किल्ला’ पुन्हा पाहिला. 2014 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला होता. कोकण तेच, समुद्र तोच, पण इथे कुणी मन मोकळं करायला आलेलं नाही. आईची बदली झालीय म्हणून आलेत! नवरा गेलेला, अकरा वर्षांचा मुलगा घुमा झालेला आणि ऑफिसमध्ये सही कर म्हणून दबाव. अमृता सुभाषची ती आई पाऊस एन्जॉय करत नाही, पावसातून कामावर जाते. कॉलेजात असताना मला या सिनेमात फक्त पार्थ भालेरावचा बंड्या दिसला होता. आता आईच दिसत राहिली. सिनेमा तोच, आपलं वय बदलतं, दुसरं काय!

तिसरा ‘साबर बोंडं’. रोहन कानवडेच्या या सिनेमाला 2025 मध्ये सनडान्सला जागतिक चित्रपटांच्या विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. इथे कोकण नाही, घाटावरचं कोरडं गाव. वडील गेले म्हणून आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवस सुतक पाळतो. नातेवाइकांना त्याच्या लग्नाची घाई. त्याला मुलगे आवडतात, आणि हे त्याच्या आईला माहीत आहे. त्यात लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. बाहेरून आलेल्या आनंदला दहा दिवसांनी परतीची वाट आहे. बाळ्या गावातच राहतो, शेरडं राखतो. मला तर सिनेमाभर बाळ्याचीच काळजी वाटत होती. पाहुणा गेल्यावर अकराव्या दिवशी त्याचं काय?

आणि चौथा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’. पायल कपाडियाचा. कानच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय सिनेमा गेला आणि 2024 मध्ये ग्रां प्री घेऊन आला, हे आपण सगळ्यांनी वाचलं. पण मला ज्यासाठी तो लक्षात राहिला ती आहे छाया कदमची पार्वती. मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये स्वयंपाक करणारी बाई. नवरा गेला, खोलीचे कागद नाहीत, बिल्डर डोक्यावर बसलाय. इतकी वर्षं राहिलात याचा पुरावा काय? नाही. मग ती रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारते आणि सामान बांधून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघते. चार सिनेमांतली ही एकटीच, जी गावी राहायला जाते.

इथे मी थांबले. कारण कागदांची भाषा सध्या आमच्याही घरी चालू आहे.

राजापूर तालुक्यात आमचं घर आहे. आजी होती तोवर ते ‘घर’ होतं, आता ‘प्रॉपर्टी’ झालंय. काका म्हणतात विकून टाकू, वर्षाला कौलांचाच खर्च किती. बाबा काहीच म्हणत नाहीत, म्हणजे त्यांना विकायचं नाही. फॅमिली ग्रुपवर माझे चुलतभाऊ लगेच ‘होमस्टे करूया ना’ म्हणून मोकळे. होमस्टेच्या चादरी कोण धुणार, हे कुणी लिहीत नाही.

गंमत बघा, माझ्याकडे मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावरची खोली आहे. दर वर्षी मालक भाडं वाढवतो, दर वर्षी मी सही करते. माझं नाव लागू शकेल असं जगात एकच घर आहे आणि तिथे मी वर्षातून पाच दिवस जाते, तेही गणपतीत, तिकीट मिळालं तर. रेल्वेने नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ बुकिंग साठ दिवसांवर आणलं, तरी कोकणच्या गाड्या मिनिटांत फुल्ल होतात. म्हणजे घर आठवणारे खूप आहेत. पण सगळ्यांना ते एकाच आठवड्यात आठवतं!

बाबांनी परवा फोनवर विचारलं, “तुझं काय म्हणणं?” आमच्याकडे मुलींना हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, म्हणून मी उत्तर घाईत दिलं नाही. सिनेमा बघून ‘विकायचं नाही’ म्हणणं सोपं आहे. थिएटरमधल्या पावसात कौलं गळत नाहीत. दुसरीकडे, खर्चाचा हिशेब मांडून ‘विका’ म्हणणंही तितकंच सोपं.

मी म्हटलं, “बाबा, सही करायच्या आधी जुलैत दहा दिवस मी तिथे राहते. सण नाही, सुट्टी नाही, लॅपटॉप घेऊन. काम होतं का, नेट मिळतं का, कौलांना माणूस मिळतो का, ते बघते. मग सांगते.”

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “शेजारच्या काकूंकडे चावी आहे. त्यांना आधी फोन कर.”

काकू! रोज दिवा लावणाऱ्या, अंगण झाडणाऱ्या. त्यांना ‘तुमचं काय म्हणणं’ असं अजून कुणी विचारलेलंच नाही. फोन तिथूनच सुरू करणार आहे.