आधी पुस्तक, मग विषय

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली तेरा वर्षांची, धाकटा अकराचा. आमच्याकडे विषयवार तास नसतात. एक चांगलं पुस्तक निवडायचं, सगळ्यांनी मिळून ते मोठ्यानं वाचायचं आणि त्यातून निघालेल्या प्रश्नांच्या मागे जायचं, ही आमची पद्धत. गेल्या पावसाळ्यात आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ घेतली.

एक नियम मी कटाक्षानं पाळते. पुस्तक संपेपर्यंत वही उघडायची नाही. मध्येच शब्दार्थ आणि टिपणं सुरू झाली, की गोष्टीतला जीव जातो. त्यामुळे राजाराम मास्तर, कारभारी, अंजी, आयबू ही माणसं आधी घरात मुक्कामाला आली. अभ्यास नंतर आला.

मास्तर औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला जातो आणि शाळेत पोरंच नसतात; ती मेंढरांमागे गेलेली. हे वाचताना लेक म्हणाली, “आई, त्या पोरांना मेंढरांचं सगळं कळतं. मग ती अडाणी कशी?” शाळेत न जाणाऱ्या मुलीच्या तोंडून आलेल्या या प्रश्नावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. मास्तर शिकवतो ते लिहिणं-वाचणंही त्या पोरांना हवंच, इथपर्यंत ती स्वतःच येऊन पोचली.

पुस्तक संपल्यावर प्रश्नांचा कागद भिंतीवर लागला. धाकट्याचा पहिला प्रश्न : तिकडे पाऊस का पडत नाही? नकाशा काढला. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बनगरवाडीच्या माणदेशात जेमतेम पाचशेच्या आसपास. शंभर मिलिमीटरला एक सेंटिमीटर धरून त्यानं आलेख काढला. महाबळेश्वरचा खांब कागदात मावेना, वर दुसरा कागद चिकटवावा लागला. माणदेशाचा खांब बोटाएवढा. ढग सह्याद्रीवरच रिते होतात, हे त्याला त्या दोन खांबांनी शिकवलं. पर्जन्यछायेची व्याख्या पाठ करून घ्यायची वेळच आली नाही.

दिवाळीनंतर पुण्याबाहेरच्या एका शेतात धनगरांचा वाडा उतरला होता, तिथे गेलो. “मामा, एवढी मेंढरं मोजता कशी?” धाकट्यानं विचारलं. “मोजायची कशाला? तोंडावरनं वळखतो की,” मामा हसून म्हणाले. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, कारण लेंड्या आणि मूत हे जमिनीला उत्तम खत. बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. घरी आल्यावर विज्ञान आणि हिशेब एकाच पानावर आले. सासूबाईंची घोंगडी बाहेर निघाली. सुताला चिंचोक्यांची खळ का देतात, हे आजीनं नातवंडांना सांगितलं.

वाडीतल्या तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो, तो खराच होता का, हा लेकीचा प्रश्न. त्यातून औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी भेटले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे हे राजे. गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना दिली. राजा आपण होऊन सत्ता सोडतो, ही गोष्ट तिला इतकी विलक्षण वाटली, की नागरिकशास्त्र तिनं आपण होऊन वाचायला घेतलं.

सगळेच विषय पुस्तकातून ओढून काढावेत, असं मात्र मला वाटत नाही. अपूर्णांक आणि बीजगणित आम्ही बालभारतीच्या पुस्तकांतून रोज सरावानंच शिकतो. गोष्टीला गणिताची खुंटी केलं, तर दोन्हींचं नुकसान होतं.

शेवटी दुष्काळ पडतो, वाडी जगायला बाहेर पडते, शाळा ओस होते. ते प्रकरण वाचून झाल्यावर लेकीनं विचारलं, “मास्तरनं एवढं केलं, ते वाया गेलं का?” हा प्रश्न भूगोलाचा नाही, इतिहासाचाही नाही. तालीम बांधायला सगळी वाडी एकत्र आली, ते कसं वाया जाईल, असं धाकट्याचं म्हणणं. तिला ते अजून पटलेलं नाही. मुलांनी असे प्रश्न विचारावेत आणि एकमेकांशी वाद घालावा, यासाठीच मी साहित्याचा हात धरला आहे. पाऊस, लोकर, राज्यघटना यांची माहिती कुठूनही मिळेल. त्या माहितीमागची माणसं मुलांना आपली वाटायला हवी असतील, तर आधी गोष्ट पुरती वाचली पाहिजे.