उन्हाळा कुठे दिसतो?

दिवाळीच्या अंकासाठी मी उन्हाळ्यावर लिहायला बसले, तेव्हा घरच्या मंडळींना हसू आले. चकलीची भाजणी दळून आणायची सोडून हे काय भलतेच! पण आमच्या सोसायटीतल्या काटेसावरीचा निकाल अजून लागायचा आहे, नि तो लागण्याआधी हे लिहून झालेले बरे.

गोष्ट गेल्या जानेवारीच्या अखेरीची. नात तेव्हा दुसरीत होती. तिच्या पुस्तकात ऋतूंची चित्रे होती. उन्हाळा म्हणजे गॉगल लावलेला सूर्य, आणि पानगळ म्हणजे थंडीच्या तोंडावर पडलेला पिवळ्या पानांचा सडा. पुण्यातल्या आमच्या अंगणात आम्ही दोघी उभ्या होतो. ती म्हणाली, "आजी, आपल्याकडे पानगळ कधी असते गं?"

"तू तिच्यावरच उभी आहेस," मी म्हटले.

तिने खाली पाहिले, मग वर पाहिले. सावर पार उघडी झाली होती. "पण आता तर उन्हाळा येणार!"

येणार म्हणूनच. थंड मुलखातली झाडे हिवाळ्याच्या धास्तीने पाने टाकतात; आपल्याकडची पुष्कळशी पुढच्या कोरड्या महिन्यांच्या धास्तीने. पानांवाटे पाणी उडून जाते. जमिनीतली ओल आटू लागली, की झाड आधी हा खर्च बंद करते. महिनाअखेरीला आपण तरी दुसरे काय करतो?

त्या दिवसापासून नात आणि शेजारची दोन मुले संध्याकाळी माझ्याबरोबर फिरू लागली. मी एकच नियम घातला : आधी पाहायचे, नाव मागाहून. नाव सांगितले, की मुलाला काम संपल्यासारखे वाटते. 'हा पिंपळ' म्हटले की स्वारी पुढे! नुसते उभे केले, तर मार्चमधली तांबूस लवलवती पालवी पाहून ती आपण होऊन विचारतात, "ही नवी पाने हिरवी का नाहीत?"

एक पक्षी सारखा 'टुक् टुक् टुक्' करी. चार दिवस काही दिसेना. मुलांनी त्याचे नाव ठोक्या ठेवले. पाचव्या दिवशी सापडला : चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. मग मी म्हटले, हा तांबट. "तांबट म्हणजे काय?" आता आली पंचाईत! शेवटी रविवारी तिघांना कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेले. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडताच धाकटा वर आढ्याकडे पाहून ओरडला, "ठोक्या!"

मधल्या काळात इकडे सोसायटीच्या सभेपुढे विषय आला होता : 'वठलेले झाड काढणे.' १९७५ च्या कायद्याने शहरातले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही; म्हणून अर्जही लिहून तयार होता. नात सेक्रेटरींना जिन्यात गाठून म्हणाली, "काका, ते मेलेलं नाही. त्याला बटणं आली आहेत." बटणे म्हणजे कळ्या. ते गृहस्थ भले. तिच्याबरोबर खाली आले, चष्मा पुसून वर पाहत राहिले. फेब्रुवारीत झाड लालभडक झाले. मैना, बुलबुल, कावळे मधासाठी भांडू लागले. अर्ज खणात गेला.

एप्रिलमध्ये मात्र बोंडे फुटली आणि कापूस उडाला, तो थेट गच्चीवरच्या पापड-कुरडयांवर! तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची तक्रार खोटी नव्हती; माझ्या सांडग्यांतही कापूस होता. "झाड जिवंत आहे, कबूल," त्या म्हणाल्या, "पण पापडांचं काय?" याला नातीपाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नाही. मुलांनी कापूस वेचून एक उशी भरून त्यांना दिली. त्यांनी ती ठेवून घेतली. तक्रार मागे घेतली नाही.

सूनबाईंना उन्हाची काळजी. तरी १३ मेच्या सुमारास मी भर दुपारी साडेबाराला मुलांना खाली नेलेच, टोप्या घालून आणि पन्हे पाजून. त्या सुमाराला पुण्यात सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. फरशीवर स्टीलचा सरळ डबा ठेवला. सावली आखडत आखडत गेली आणि नाहीशी झाली. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे. तिथल्या मुलांना घरच्या अंगणात हे कधीच दिसायचे नाही. गंमत पाहायला वहिनीही उतरल्या होत्या. नातीने त्यांना हाताला धरून डब्यापाशी नेले, मग सावरीखाली. नव्या पालवीची विरळ सावली होती. दोघी तिथे बराच वेळ उभ्या होत्या. काय बोलल्या, मला ऐकू आले नाही.

सध्या झाड हिरवेगार आहे. पहिले पान गळताना कोण पाहतो, यावर मुलांची पैज लागली आहे. सभेची तारीख अजून ठरायची आहे.