पावतीवरचं नाव



या अंकात आमचं नाव दिसलं की वर्गणीची आठवण आली असणार, असं समजून बरेचजण पान उलटतात. यंदा थोडं थांबा. वर्गणी मागणारच आहोत, शेवटच्या पानावर फॉर्म आहे. पण त्याआधी आम्हालाच एक हिशेब द्यायचा आहे आणि तो पैशांचा नाही.

आमची ओळख बहुतेकांना आहे. आमच्यातला एकजण रसायनशास्त्रातला डॉक्टर, म्हणजे ताप आल्यावर काडीच्या उपयोगाचा नाही. दुसरी घरचा आणि मंडळाचा हिशेब सांभाळते. जानेवारी २०२४ मध्ये आधीचे खजिनदार नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेले आणि जाताना बुटांचे तीन खोके आमच्या गॅरेजमध्ये ठेवून गेले. खोक्यांत बूट नव्हते. पावतीपुस्तकं, बँकेची पत्रं, हॉलच्या भाड्याची बिलं आणि २०१९ च्या दिवाळीतल्या चिवड्याच्या सामानाची यादी होती. तळाशी एक गोष्ट लक्षात आली आणि आमचे धाबे दणाणले. मंडळाचा आयआरएसकडे जाणारा फॉर्म दोन वर्षं गेलाच नव्हता.

वर्षाची जमा साधारण पन्नास हजार डॉलरच्या आत असलेल्या आपल्यासारख्या करमुक्त संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९०-एन भरावा लागतो. फॉर्म कसला, पोस्टकार्डच. संगणकावर दहा मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं तो गेला नाही, तर करमुक्ती आपोआप रद्द होते. तिथे रदबदली चालत नाही. आमचं हिशेबाचं वर्ष डिसेंबरला संपतं, म्हणजे तिसऱ्या फॉर्मची मुदत १५ मे २०२४. आणि जमा पन्नास हजारांच्या आत होती हे छातीवर हात ठेवून सांगायचं, तर आधी ती मोजायला हवी.

कोणीतरी सांगितलं, विद्यापीठातली अकाउंटिंगची मुलं शनिवारी लायब्ररीत बसतात, लहान संस्थांना वह्या लावून देतात. पैसे घेत नाहीत. फुकट म्हटल्यावर आम्ही खोके गाडीत टाकले.

ही मुलं बीटा अल्फा साय नावाच्या संघटनेच्या शाखेची होती. नाव ग्रीक असलं तरी संघटना पक्की अमेरिकन आहे. १९१९ साली इलिनॉय विद्यापीठात तिची सुरुवात झाली आणि आता शेकडो विद्यापीठांत तिच्या शाखा आहेत. नुसते चांगले मार्क असून तिथे भागत नाही. व्यवसायाची तोंडओळख करून देणाऱ्या कार्यक्रमांना जावं लागतं आणि समाजसेवेचे तासही भरावे लागतात. म्हणून फेब्रुवारी लागला की यातली बरीच मुलं कमी उत्पन्नाच्या, किंवा इंग्रजी फारसं न येणाऱ्या लोकांचे टॅक्स फुकट भरून देणाऱ्या ‘व्हिटा’ केंद्रांवर दिसतात. तिथे टॅक्स भरायला बसण्याआधी आयआरएसची परीक्षा पास व्हावी लागते, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

आमच्या टेबलावर एक सावळी, चष्मा लावलेली मुलगी होती. तिने पावतीपुस्तक उघडलं, देवनागरीतलं मंडळाचं नाव पाहिलं आणि एकदम मराठीत म्हणाली, “दादा, असली एक पावती माझ्याकडेपण आहे.”

मुलगी सांगलीकडची. नाव इथे देत नाही, तिनेच नको म्हटलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये अकाउंटिंगच्या मास्टर्ससाठी आली होती. आल्यावर महिन्याभरात, २३ सप्टेंबरच्या शनिवारी, आपल्या गणपतीला दोन बस बदलून आली होती. आम्ही खूश! म्हटलं, अगं मग परत दिसली कशी नाहीस? ती हसली आणि पुस्तकाची पानं मागे उलटत गेली. सप्टेंबरचे स्थळपाठ चाळता चाळता एका ठिकाणी थांबली. “हीच ती.”

अक्षर आमचं होतं. सही आमची होती. रक्कम, दहा डॉलर, विद्यार्थी दर. आणि ‘श्री./सौ./कु.’ या छापील शब्दांपुढच्या रेघेवर आम्ही लिहिलं होतं, ‘गेस्ट’.

त्या संध्याकाळी दारातल्या टेबलावर आम्ही दोघंच होतो. एकजण पावत्या फाडत होता, दुसरी सुटे पैसे मोजत होती. मागे रांग, आत आरतीची घाई. प्रत्येकाला एकच प्रश्न, “मेंबर की गेस्ट?” मेंबर असेल तर यादीत टिकमार्क, गेस्ट असेल तर पावती. नाव विचारायला वेळ कुणाला होता?

पुढचं तिने हिशेब जुळवता जुळवता सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. आत तीन टेबलांवर बसायला गेली. तिन्ही ठिकाणी पर्स किंवा स्वेटर ठेवून जागा धरलेली. शेवटी लहान मुलांच्या टेबलावर बसून जेवली. जेवण उत्तम होतं, मसालेभात अजून आठवतो म्हणाली. दोन-तीन काकूंनी “पोटभर जेव हं” म्हटलं. कार्यक्रम आपल्या परंपरेप्रमाणे तासभर उशिरा सुरू झाला. तिची शेवटची बस साडेनऊची. नाटुकलं अर्ध्यावर आलं तेव्हा उठून, चपला शोधून, ती निघाली. पार्किंगमध्ये चाळीसएक गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या निदान चार-पाच विद्यापीठाच्या बाजूला जाणाऱ्या होत्या. त्यातली एक आमची.

“वाईट कुणीच वागलं नाही, वहिनी,” ती म्हणाली. “विचारलंच नाही कुणी.”

खोके तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं. पण तिने ते सगळे लावून दिले. तीन शनिवार लागले. जमा पन्नास हजारांच्या कितीतरी खाली निघाली, तिसरा फॉर्म मार्चमध्येच गेला आणि मंडळाची करमुक्ती वाचली. ज्या मुलीचं नाव आम्ही विचारलं नाही, तिने आपलं नाव वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. बीटा अल्फा सायमध्ये नवे सभासद घेण्याचा समारंभ होता, इंडक्शन. (आम्हाला आधी शेगडी आठवली.) प्रत्येकाला घरचे दोघं आणायची परवानगी होती. “माझे आईबाबा तर येऊ शकत नाहीत. तुम्ही याल का?” आम्ही पस्तिशीतली माणसं, पालकांच्या खुर्च्यांवर बसायला संकोच वाटला. तरी इस्त्रीचे कपडे घालून गेलो.

समारंभ तसा साधाच होता. विद्यापीठातला हॉल, थंड सँडविचेस, एक केक. खरं सांगायचं तर त्या जेवणापुढे आपला मसालेभात शंभरपट चांगला. पण एक गोष्ट पाहून आम्ही गप्प झालो. शाखेची अध्यक्ष एक गोरी मुलगी होती. ती एकेकाचं पूर्ण नाव घेऊन पुढे बोलवत होती. आमच्या मुलीचं आडनाव चांगलं पाच अक्षरी, त्यात ‘ळ’. अध्यक्षबाईंनी ते अडखळत, पण अख्खं म्हटलं. नंतर कळलं की आठवडाभर आधी सगळ्यांकडून आपापलं नाव फोनवर बोलून मागवलं होतं आणि ती त्याचा सराव करत होती. ‘ळ’ काही जमला नाही. पण परक्या भाषेतली मुलगी आठ दिवस ज्या नावाची घोकंपट्टी करते, ते नाव आपल्या भाषेतल्या आम्ही दोघांनी रेघेवर लिहिलं नव्हतं.

मग प्रत्येकाने वहीत सही केली, कोटावर बिल्ला लावून घेतला, हात मिळवला. आमची तिच्या ‘बडी’शीही ओळख झाली. तो घानाहून आलेला, तिच्या एक वर्ष पुढचा मुलगा. सप्टेंबर २०२३ मध्ये तिला पहिल्यांदा सभेला नेणारा तोच. तो काय करायचा? फार काही नाही. पहिल्या आठवड्यात त्याने सांगितलं की मोठ्या फर्म्स याच महिन्यात विद्यापीठात येतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या, कधी त्याच्याही पुढच्या इंटर्नशिपसाठी मुलं आत्ताच हेरून ठेवतात. ‘आधी अभ्यासात रुळते, मग बघते’ म्हणणारी नवी मुलं इथेच चुकतात. सूट कुठे स्वस्त मिळतो ते त्याने दाखवलं. आणि त्याच आठवड्यात तिला एक काम दिलं, सभेला येणाऱ्यांच्या नावांचे बिल्ले लिहायचं. “त्यामुळे मला सगळ्यांची नावं पाठ झाली आणि मी नाही आले तर त्यांचं अडायला लागलं,” ती म्हणाली.

हे तिच्यासाठी किती मोलाचं होतं, ते आम्हाला परदेशी विद्यार्थी म्हणून आल्यामुळे कळतं. तिच्या पदवीवर शिक्षणानंतर कामाची परवानगी बारा महिन्यांची. आमच्यासारख्या रसायनवाल्यांना आणखी चोवीस महिने वाढवून मिळाले होते, तिला ते नव्हते. पहिलं सत्र गोंधळात गेलं असतं तर पुढची दारंच बंद. त्यातून सीपीए व्हायचं तर शिक्षण आणि परीक्षा पुरत नाही, प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो. अनुभव तर कुणी आत घेतलं तरच मिळतो.

हॉलच्या भिंतीवर याच विषयाचा एक तक्ता लावला होता. जॉन क्रॉमवेल हे या देशातले पहिले आफ्रिकन-अमेरिकन सीपीए, १९२१ सालचे. डार्टमथ कॉलेजचे पदवीधर, राहणारे वॉशिंग्टनचे. पण त्यांना परीक्षा द्यायला न्यू हॅम्पशायर गाठावं लागलं, कारण तिथे अनुभवाची अट नव्हती आणि इतर ठिकाणी तो अनुभव त्यांना द्यायला गोऱ्या फर्म्स तयार नव्हत्या. १९६९ मध्ये नऊ जणांनी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय अकाउंटंट्सची संघटना काढली. तेव्हा देशातल्या एक लाखाहून अधिक सीपीएंमध्ये आफ्रिकन-अमेरिकन होते १३६. दारावर उभं राहणाऱ्याच्या हातात किती असतं, याचा हिशेब त्या दोन आकड्यांत आहे. आमची चूक त्या पंगतीतली नाही, हे मान्य. आम्ही कुणाला अडवलं नव्हतं. पण अडवलं नाही म्हणजे आत घेतलं, असं होत नाही.

घरी येताना गाडीत आम्ही यावरच बोलत होतो. पाहुणचारात आपण मराठी माणसं कमी नाही. आग्रह करकरून वाढतो. पण आजी म्हणायची, जावई पहिल्या वर्षी पाटावर बसतो, आणि ज्या दिवशी त्याच्या हातात वरणाची बादली येते त्या दिवशी तो घरचा होतो. आपण नव्या माणसाला पाटावरून उठूच देत नाही. बसवतो, खाऊ घालतो आणि वर्षानुवर्षं पाहुणाच ठेवतो. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये म्हणतो, नवीन लोक पुढे येत नाहीत.

खोटं वाटत असेल तर आमच्यासारखं पावतीपुस्तक उघडून बघा. २०२३ च्या गणपतीतल्या गेस्ट पावत्या आम्ही मोजल्या. त्यातून पुढच्या वर्षी सभासद झालेली कुटुंबं एका हाताच्या बोटांवर मोजता आली. बाकीचे कुठे गेले ते शोधायचं म्हटलं, तर नावं कुठे आहेत?

आमच्यातल्या रसायनवाल्याची एक भर. अतिसंपृक्त द्रावण स्वच्छ पाण्यासारखं तासन् तास तसंच राहू शकतं. त्यात एक छोटासा स्फटिक टाकला की बघता बघता सगळीकडे स्फटिक धरतात. हॉलमध्ये दीडशे मराठी माणसं आहेत म्हणून नवा माणूस आपोआप धरत नाही. कुणीतरी एकजण लागतो.

२०२४ च्या गणपतीला आम्ही प्रयोग केला. पावतीवर नाव पूर्ण लिहायचं. प्रत्येक नव्या माणसामागे एक जुना माणूस ठरवून द्यायचा आणि त्याने शेवटी एकच प्रश्न विचारायचा, “घरी कसे जाणार?” आणि जमेल त्याला एक काम द्यायचं. तिसऱ्या गोष्टीवर कमिटीत बरीच खडाजंगी झाली. “पहिल्यांदा आलेल्यांना कामाला लावायचं? लोक काय म्हणतील?” भीती अगदीच खोटी नव्हती. एका गृहस्थांना आम्ही खुर्च्या लावायला बोलावलं आणि ते रागावून जेवताच निघून गेले. चूक आमची होती. आम्ही नाव विचारायच्या आधी काम सांगितलं होतं. तेव्हापासून क्रम पक्का आहे. आधी नाव, मग गप्पा, मग बादली.

पण त्याच दिवशी नुकतंच आलेलं एक जोडपं प्रसादाच्या टेबलावर उभं राहिलं आणि दिवाळीला न बोलावता तासभर आधी हजर झालं. आज ती दोघं ध्वनिव्यवस्था सांभाळतात. एक आजोबा, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, चपलांचं टोकन वाटत बसले आणि परत जाताना म्हणाले, अमेरिकेत मला याच एका ठिकाणी लोक नावाने ओळखतात. सगळेच टिकले नाहीत. पण जे गेले त्यांची नावं आता आमच्याकडे आहेत, फोन करता येतो.

आमची सांगलीकर मुलगी २०२५ मध्ये पास झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जायच्या आधी तिने आमच्या गॅरेजमधल्या खोक्यांवर वर्षं लिहून ठेवली. सीपीएचे चारपैकी तीन पेपर सुटलेत. गेल्या महिन्यात तिचा वर्गणीचा चेक आला. म्हटलं, अगं, तू इथे नाहीस, कशाला? म्हणाली, पावती पाठवा. पाठवली. नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं.

तेव्हा मंडळी, पाडव्याच्या कार्यक्रमाला दारात उभं राहायला आठ माणसं हवी आहेत. विशेष काही येण्याची गरज नाही, गाडीत एक जागा रिकामी असली म्हणजे झालं. इच्छुकांनी कार्यक्रमाच्या आधी आम्हाला गाठावं. आणि यंदा पहिल्यांदाच येणार असाल, तर टेबलावर आम्ही दोघंच असू. आम्ही विचारायला विसरलो, तर तुम्हीच तुमचं नाव सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
खजिनदार आणि खजिनदारांचा हमाल