खेळाचा तास

वेळापत्रकात खेळाचा तास बहुधा शेवटी असतो आणि धाकट्या भावंडाच्या खाऊप्रमाणे कोणीही तो पळवावा. परीक्षा जवळ आली की तो गणिताला लागतो. गणिताचे भागले की विज्ञान हात पुढे करते. चाकूरसारख्या गावी हे घडावे यात नवल नाही. लातूर जवळच, तेथील अभ्यासाचा ‘लातूर पॅटर्न’ म्हणून सर्वत्र बोलबाला! तेव्हा पोराने मैदानात धूळ उडवीत हिंडावे, हे थोरांना कसे रुचावे? या उसनवारीची फेड मात्र मुलाच्या शरीराला करावी लागते.

मराठवाड्याने भूक पुष्कळ पाहिली आहे. १९७२ चा दुष्काळ भोगलेल्या आजीला नातू गुटगुटीत दिसला की धन्यता वाटते, आणि ते साहजिकच होय. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झालेली माध्यान्ह भोजनाची योजनाही भुकेल्या मुलाने शाळेत यावे व टिकावे यासाठीच होती. परंतु २०२५ साली युनिसेफने सांगितले, की जगात शाळकरी वयाच्या मुलांत कमी वजनाच्या मुलांपेक्षा लठ्ठ मुले अधिक झाली आहेत. बरगड्या दिसणारा आणि चार पायऱ्या चढताच धापा टाकणारा असे दोघे एकाच पंगतीत बसावेत, असा हा काळ आहे.

पंगत मात्र दोघांच्याही हिताची. सहावी ते आठवीच्या मुलाला त्या जेवणातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे माप ठरलेले आहे. डाळ-भाजी घातलेल्या खिचडीने पोट भरले, की बाहेरच्या दुकानात टांगलेली कुरकुरीत पुडी तितकीशी खुणावत नाही. तेल आणि मीठ यांखेरीज त्या पुडीत असते तरी काय? २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार केले. २०२० च्या केंद्रीय नियमांनी तर शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत त्यांच्या विक्रीस मनाई केली. ५० मीटर म्हणजे खो-खोतील चपळ गड्याची काही क्षणांची धाव!

पोटभर खाणे हा काही गुन्हा नव्हे. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, या भागातली घरेच्या घरे शेतात जातात. भज्जी, उंडे आणि गाडग्यातली आंबील यांवर मुले यथेच्छ ताव मारतात. पण दिवसभर बांधावरून धावतात, झाडावर चढतात, झोके घेतात. खाल्लेले तेथेच कामी येते.

शाळेच्या मैदानात मात्र गडी वाटून घेताना एक जण नेहमी शेवटी उरतो. त्याच्या जाडेपणावर कोणीतरी नाव पाडलेले असते, सारे हसतात. मग ‘मला खेळायचेच नाही’ म्हणून तो कडेला बसतो. बसल्याने वजन वाढते, वजन वाढल्याने तो अधिकच बसतो. असे हे रहाटगाडगे. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल सांगते. जिंकलेच पाहिजे, असे ती कोठेही म्हणत नाही.

एखादे शिक्षक हे ओळखतात. ते त्या मुलाला हाताला धरून ओळीत बसवतात. पहिल्या दिवशी दहा पावलांतच त्याला धाप लागते. आठवड्याने तो खांबापर्यंत पोहोचतो. एके दिवशी शाळा सुटल्याची घंटा होते, मुले दप्तरांकडे धावतात. तो मात्र ओळीत तसाच बसलेला असतो, पाठीवर ‘खो’ पडण्याची वाट पाहत.