काकांचा ट्रक आणि लाल थेंब

आमच्या काकांकडे एक जुना ट्रक आहे. १४ फुटी बॉडी, वय माझ्या नोकरीपेक्षा जास्त. सांवेर रोडच्या कारखान्यांतून माल भरायचा आणि सिमरोल, चोरलमार्गे बडवाहला पोचवायचा, हा त्याचा आठवड्याचा नेम. वाटेत भेरूघाट लागतो. ज्यांनी तो घाट फक्त बसच्या खिडकीतून पाहिलाय, त्यांनी एकदा भरलेल्या ट्रकच्या केबिनमधून बघावा.

दिवाळीला पंधरा दिवस होते. काकांचा फोन आला, "अरे, स्टिअरिंगचं तेल कमी होतंय सारखं. तू बी.ई. ना, येऊन बघ जरा." मी एसजीएसआयटीएसचा बी.ई. खरा, पण कॉम्प्युटरचा. घरच्यांना हा फरक कधीच पटलेला नाही. मिक्सर बिघडला तरी मलाच हाक येते.

रात्री ट्रकखाली पुठ्ठा टाकला. सकाळी त्यावर लाल थेंब. इंजिन ऑइल असतं तर काळं दिसलं असतं. हे लालसर आणि तेलकट, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचंच. थेंब बरोबर स्टिअरिंग बॉक्सच्या खाली पडले होते. बॉक्सचं सील गेलंय, असं मी छातीठोकपणे सांगितलं. एका वर्कशॉपवाल्यानेही मान डोलावली. बॉक्स उतरवला, सील बदललं, दोन दिवस ट्रक उभा राहिला, काकांची एक फेरी बुडाली. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा लाल थेंब.

काका काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत भरत राहू तेल, नंतर बघू." तेव्हा कळलं की ड्रायव्हरचाचा दीड महिना केबिनमध्ये तेलाचा डबा ठेवूनच गाडी चालवत होते. तेल संपलं म्हणजे स्टिअरिंग सुटून हातात येतं असं नाही. चाकांशी लोखंडी जोड कायम असतो. पण तेलाच्या जोरावर हलकं फिरणारं चक्र एकदम जड होतं, तेही घाटाच्या वळणावर, पाठीशी टनावारी माल असताना. चाचांची साठी जवळ आलीय आणि उजवा खांदा दुखतो. शिवाय तेच तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर पेट घेऊ शकतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी चाचाच मला लोहा मंडीमागच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे घेऊन गेले. उस्तादांनी गाडीकडे बघितलंही नाही, आधी चाचांना विचारलं, "बोलती कब है?" चाचा म्हणाले, "खड़े-खड़े काटो तो कूँ-कूँ करती है. डेढ़ महीना हो गया."

मी चाचांना हे कधी विचारलंच नव्हतं.

उस्तादांनी डिझेलचा बोळा फिरवून सगळा भाग लख्ख पुसला, इंजिन चालू केलं, चाचांना स्टिअरिंग फिरवायला सांगितलं आणि टॉर्च मारला. बॉक्स कोरडाच. वर, पंपाकडून येणारा जाड पाइप लोखंडी टोकाला जिथे दाबून बसवलेला असतो, तिथे ओल दिसू लागली. तेल पाइपावरून ओघळत खाली बॉक्सवर यायचं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकायचं. ऑफिसात मी ज्युनिअर मुलांना रोज सांगतो, एरर दिसते तिथेच बग असेल असं नाही. असो.

मी बोट फिरवून चिरा शोधायला गेलो, तर उस्तादांनी हातावर चापट मारली, "हाथ मत फेरना, भिया!" ट्रकच्या टायरात साधारण ७-८ बार हवा असते, या पाइपात चक्र पूर्ण वळवल्यावर शंभर बारच्या वर दाब जातो. सुईसारखी बारीक धार कातडीत घुसते, बाहेरून छोटा ठिपका दिसतो आणि आत तेल पसरतं. मग मलमपट्टीने भागत नाही, ऑपरेशन करावं लागतं. उस्ताद ओल शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरत होते.

"क्लिप लावून आवळता नाही येणार?" हा माझा पुढचा शहाणपणा. परतीच्या तेलाच्या पाइपाला क्लिप चालते, तिथे दाब नसतो. इथे नवा पाइपच लागतो. तो बसवला, नवं तेल भरलं, पुढची चाकं जॅकवर उचलून चक्र हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत टाकीतले बुडबुडे संपेपर्यंत हवा काढली. टोकाला धरून ठेवायचं नाही, पंप तापतो. खर्च सीलच्या कामाच्या निम्माही आला नाही, हे काकांना मीच सांगितलं.

त्या आठवड्यात मी ट्रकबरोबर बडवाहला गेलो. घाटात कान टवकारून बसलो होतो. चाचा हसले, "चलती में क्या सुनोगे, भिया? चोरल में सुनना." चोरलला चहासाठी थांबलो. त्यांनी इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत पूर्ण कापलं. कूँ नाही की काही नाही. मी खाली पुठ्ठा सरकवला आणि आम्ही दोन-दोन कप चहा प्यायलो.

काकांचा मेसेज आला, "पुठ्ठा?"

मी लिहिलं, "कोरडा."